डावा हात रिकामा का?



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी कारकून. संगणकावर खुर्च्या-टेबले, घरे, यंत्रे यांचे त्रिमितीय नमुने तयार करणे हा माझा प्रांत नव्हे. तरीही या आठवड्यात त्याच विषयावर लिहितो आहे, कारण गेल्या काही महिन्यांत तो आमच्या घरात येऊन बसला आहे. वाचकांपैकी काहींच्या घरीही तो आला असेल, किंवा उद्या येईल.

माझा थोरला भाऊ ग्रिल आणि गेट बनवतो. त्याची मुलगी बारावीनंतर ब्लेंडर नावाची प्रणाली शिकली. ही प्रणाली फुकट मिळते, आणि कायदेशीररीत्या फुकट मिळते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे फुकट म्हटले की चोरून उतरवलेले, असाच अर्थ घेतला जातो. नेदरलँड्समधील टॉन रूझेनडाल या गृहस्थांनी १९९० च्या दशकात ती आपल्या चित्रशाळेच्या कामासाठी तयार केली. पुढे कंपनीचे पैसे संपले, तेव्हा २००२ साली जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि प्रणाली सर्वांसाठी खुली करून घेतली. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हिया देशातील दिग्दर्शकाचा चित्रपट याच ब्लेंडरवर तयार झालेला आहे. तेव्हा फुकट आहे म्हणून हलकी आहे, असे कोणी समजू नये.

तर आमची पुतणी शिकली. शिकवणीत चांगली होती. पुढे एका फर्निचर बनवणाऱ्या कंपनीत तिला चाचणीसाठी बोलावणे आले. लाकडी कपाटाचे छायाचित्र आणि मापे समोर ठेवली आणि तसे कपाट संगणकावर उभे करायला एक तास दिला. तास संपला तेव्हा कपाटाला दारे लागायची होती. तपासणाऱ्या माणसाने पाहिले आणि म्हणाला, “काम स्वच्छ आहे, पण हात फार सावकाश आहे.” झाले. मुलगी घरी आली, जेवली नाही. रात्री मला म्हणाली, “काका, मला येतं सगळं. मग वेळ का पुरला नाही?”

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी मी वही-पेन्सिल घेऊन आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत तिच्या शेजारी जाऊन बसलो. तेथे दोन जुने संगणक आहेत आणि शिकणारी मुले पुष्कळ, त्यामुळे प्रत्येकाला दिवसाकाठी एक तास मिळतो. तो तास कसा खर्च होतो, हे मला पाहायचे होते. तिचा उजवा हात माऊसवर होता आणि डावा हात मांडीवर. फळी सरकवायची झाली की माऊस पडद्याच्या डाव्या कडेच्या पट्टीवर जाई, तेथे सरकवण्याचे चिन्ह दाबले जाई, मग माऊस परत फळीकडे येई, फळीवर उगवलेला बाण पकडून ओढला जाई, मग उजवीकडच्या चौकटीत जाऊन आकडा दुरुस्त होई. फिरवायची झाली की पुन्हा डाव्या कडेला. माऊस कडेला गेला की मी वहीत एक रेघ ओढत होतो. दहा मिनिटांत चाळीसच्या वर रेघा झाल्या.

मी हिशेबाचा माणूस. मला त्या रेघांत तिचा हरवलेला वेळ दिसला.

आता यात तिचा दोष काय? शिकवणीत पडद्यावरची चिन्हे दाखवून शिकवतात, कारण नवशिक्याला ते सोपे पडते. पहिले आठ दिवस ते ठीकच आहे. परंतु पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले होते की, हाताला एखाद्या ठिकाणी पोहोचायला लागणारा वेळ त्या ठिकाणाच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. ठिकाण जितके लांब आणि जितके लहान, तितका वेळ अधिक. पडद्याच्या कडेचे नखाएवढे चिन्ह लांबही असते आणि लहानही. आणि बोटाखालची कळ? तिथे जायचेच नसते, बोट तिथे असतेच.

आमच्या कचेरीत हे मी रोज पाहतो. टॅलीत नोंदी करणारे जुने लोक माऊसला हातही लावत नाहीत. एफ-५ दाबले की पैसे दिल्याची नोंद, एफ-६ दाबले की पैसे आल्याची, कंट्रोल आणि ए दाबले की नोंद पक्की. नजर पावतीवर असते, बोटे आपोआप चालतात. नवा मुलगा माऊसने तीच नोंद शोधत बसतो आणि दुपारपर्यंत त्याच्यापुढे पावत्यांचा ढीग साचतो. माझ्या मनात आले, टॅलीला जे लागू आहे ते या त्रिमितीय कामाला का लागू असू नये?

चौकशी केली, पुस्तके चाळली, पुतणीलाच दहा गोष्टी विचारल्या, तेव्हा कळले की ते अधिकच लागू आहे. डावा हात कळांवर आणि उजवा हात माऊसवर ही पद्धत तर माऊसच्या जन्माइतकीच जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस जाहीरपणे चालवून दाखवला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताखाली पाच कळांची एक वेगळी पट्टी होती. म्हणजे ज्याने माऊस आणला, त्याने डावा हात मांडीवर ठेवण्यासाठी तो आणला नव्हता.

ब्लेंडरही तसेच घडलेले आहे. ते मुळात एका चित्रशाळेतील रोज काम करणाऱ्या माणसांसाठी तयार झाले, म्हणून पाहुण्याला ते थोडे आडमुठे वाटते आणि घरच्याला सोयीचे. त्याच्या कळांत एक व्याकरण आहे. ते कळले की पाठांतराची भीती निम्मी कमी होते.

पहिली तीन अक्षरे म्हणजे तीन क्रियापदे. जी म्हणजे पकडून सरकवा, आर म्हणजे फिरवा, एस म्हणजे लहान-मोठे करा. त्यानंतर दिशा. एक्स म्हणजे आडवी, वाय म्हणजे पुढे-मागे, झेड म्हणजे खाली-वर. त्यानंतर आकडा. शेवटी एंटर. जी, झेड, ०.३, एंटर, म्हणजे निवडलेली वस्तू ३० सेंटिमीटर वर गेली. आर, झेड, ९०, एंटर, म्हणजे वस्तू उभ्या अक्षाभोवती काटकोनात फिरली. एस, झेड, ०, एंटर, म्हणजे निवडलेले सगळे बिंदू एका पातळीत सपाट झाले. दिशेची कळ शिफ्टबरोबर दाबली तर अर्थ उलटा होतो. ती दिशा सोडून बाकीच्या दोन. एस, शिफ्ट-झेड म्हणजे जाडी बदला पण उंचीला हात लावू नका. सहा अक्षरे आणि आकडे, एवढ्यावर कितीतरी वाक्ये होतात. आकडा लिहिल्यामुळे दुसरा फायदा असा की माप नेमके बसते, माऊसने ओढून मग चौकटीत दुरुस्ती करण्याचा प्रसंगच येत नाही.

मी तिला म्हटले, कपाट सोड, घरातली मांडणी उभी कर. वहिनींची स्टीलच्या भांड्यांची मांडणी तिने जन्मापासून पाहिलेली. तिची एक फळी ९० सेंटिमीटर लांब, २५ रुंद, २ जाड धरली. ब्लेंडरमधील मूळचा ठोकळा सर्व बाजूंनी २ मीटरचा असतो, म्हणून पाहिजे त्या मापाच्या निम्मा आकडा मीटरमध्ये द्यायचा. एस, एक्स, ०.४५. एस, वाय, ०.१२५. एस, झेड, ०.०१. फळी तयार. आता शिफ्ट आणि डी दाबले की तिची प्रत निघते. लगेच झेड, ०.३, एंटर. दुसरी फळी पहिलीच्या ३० सेंटिमीटर वर. आणि यापुढे जे झाले, त्याने पुतणीच काय, मीही थक्क झालो. शिफ्ट आणि आर म्हणजे मागची कृती पुन्हा करा. तीनदा दाबले, पाच फळ्या एकावर एक उभ्या राहिल्या. याआधी ती प्रत्येक फळी वेगळी ओढून, वेगळी मोजून लावत होती. चाचणीत कपाटाच्या खणांवर तिचा अर्धा तास कसा गेला, ते तिच्या तेव्हाच लक्षात आले. काही बोलली नाही, पण चेहऱ्यावर दिसले.

मांडणीवर पेला हवा. पेल्याने पुढच्या कळा शिकवल्या. शिफ्ट-ए दाबले की नव्या वस्तूंची यादी माऊसच्या टोकाशीच उघडते, त्यातून दंडगोल घ्यायचा. तो १ मीटर त्रिज्येचा आणि २ मीटर उंच येतो, म्हणजे पेला नव्हे, पाण्याची टाकी. एस, ०.०४ केले की त्रिज्या ४ सेंटिमीटर आणि उंची ८. एस, झेड, १.२५ केले की उंची १०. मग कंट्रोल-ए दाबून माप पक्के करून घ्यायचे, ते कशासाठी हे पुढे सांगतो. आकडे-कळांच्या पट्टीवरील टिंब दाबले की निवडलेली वस्तू पडदाभर दिसते. टॅब दाबले की वस्तूच्या आत जाता येते, पुन्हा टॅब दाबले की बाहेर. आत गेल्यावर अक्षरांच्या वरच्या ओळीतील १ म्हणजे बिंदू, २ म्हणजे कडा, ३ म्हणजे पृष्ठ. ३ दाबून वरचे गोल पृष्ठ निवडले. एस, १.१५, तोंड थोडे पसरले, जसे आपल्या पेल्याचे असते. आय, ०.००३, काठाची ३ मिलिमीटरची कड उमटली. ई, उणे ०.०९७, मधला भाग खोल आत गेला. एस, ०.८५, आतला तळ थोडा आवळला. पेला झाला. ज्याला सवय आहे त्याला एक मिनिटही लागत नाही. काठ गुळगुळीत करायचा असेल तर २ दाबून काठाच्या कडा निवडाव्यात, ऑल्ट दाबून टिचकी मारली की वर्तुळभर कडा एकदम निवडल्या जातात, आणि मग कंट्रोल-बी. तसेच कंट्रोल-आर दाबले की वस्तूभोवती नवी रेघ कापली जाते. पेल्यावरचे नक्षीचे पट्टे तिने तसे काढले, ते मी सांगितले नव्हते.

येथे एक कबुली देतो. हे सगळे ऐकायला जितके सुरळीत वाटते, तितके पहिल्या आठवड्यात झाले नाही. पुतणीने शंभर-सव्वाशे कळांचा एक तक्ता छापून भिंतीला लावला होता. रोज त्याच्याकडे पाही आणि रोज विसरे. मला माझी टंकलेखनाची शिकवणी आठवली. लोखंडी यंत्रावर बोटे बसवताना आमचे सर कळांवर पुठ्ठा आडवा धरायचे. कळ दिसलीच नाही की बोट शिकते. मी तिला विचारले, “ती डाव्या कडेची चिन्हांची पट्टी झाकता येते का गं?” ती हसली आणि टी दाबली. पट्टी नाहीशी झाली! मग तक्ता भिंतीवरून काढला आणि ठरवले की पहिला आठवडा फक्त जी, आर, एस आणि तीन दिशा. पट्टी झाकलेलीच. दुसऱ्या आठवड्यात टॅब, १, २, ३, ई, आय. पुढे रोज एकच नवी कळ, आणि तीही त्या दिवशीच्या कामाला लागेल तीच. एखादी गोष्ट आठवली नाही तर एफ-३ दाबून नाव लिहावे, प्रणाली शोधून देते. यादीत ज्या कृतींना कळ आहे, त्यांच्यापुढे ती छापलेली असते. ती वाचायची, यादी बंद करायची आणि कळ दाबून तेच काम करायचे. दोन-तीन दिवसांत यादी लागेनाशी होते. ज्या कृतीला कळच नाही तिच्या नावावर उजवी टिचकी मारून ती आवडत्या यादीत घालता येते, मग ती यादी क्यू दाबून केव्हाही उघडते.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक गोंधळ झाला. सोफ्याच्या गादीवर विचित्र काळ्या चिरा दिसू लागल्या. कडा गोल करावी तर तुटे. दोन दिवस कळेना. शेवटी सापडले ते असे. ई दाबले की पृष्ठातून नवा भाग बाहेर निघतो. नको असेल तर माणूस उजवी टिचकी मारून रद्द करतो. पण त्याने फक्त सरकवणे रद्द होते, नवा भाग तसाच जुन्याला चिकटून, एकावर एक पडून राहतो. डोळ्यांना दिसत नाही. चूक झाली तर त्यानंतर कंट्रोल-झेडही दाबलेच पाहिजे. आणि आधीच साचलेले असे जोडबिंदू काढायचे असतील तर आत जाऊन ए दाबून सर्व निवडावे, मग एम दाबून अंतरानुसार एकत्र करण्याचा पर्याय घ्यावा. किती बिंदू गेले हे प्रणाली खाली सांगते. हात वेगाने चालू लागला की चुकाही वेगाने होतात, हे मला कॅशबुकात माहीत होते, येथेही तेच.

कंट्रोल-ए विषयी सांगायचे राहिले होते. बाहेरून एस करून फळी ओढली तर प्रणाली मनात ती जुना ठोकळाच धरून चालते. मग कडा गोल करायला जावे तर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी गोल होते. म्हणून माप बदलल्यावर कंट्रोल-ए दाबून स्केल हा पर्याय घ्यायचा, म्हणजे नवे माप हेच खरे माप होते. नवशिक्यांचे कितीतरी तास या एका कळेच्या अज्ञानात जातात.

आणखी एक. माऊसचे टोक ज्या चौकटीवर असेल, कळ त्या चौकटीला ऐकू जाते. टोक चुकून दुसरीकडे गेले असेल तर कळ दाबून काहीच होत नाही, किंवा भलतेच होते. मुले घाबरून संगणक बिघडला म्हणतात. बिघडलेला नसतो.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांची वेगळी अडचण. समोरून, बाजूने, वरून पाहण्याच्या कळा उजवीकडील आकड्यांच्या पट्टीवर असतात. १ समोरून, ३ उजवीकडून, ७ वरून, ० कॅमेऱ्यातून. पुष्कळ लॅपटॉपला ती पट्टीच नसते. प्राधान्यांच्या यादीत इनपुट या भागात वरच्या ओळीतील आकड्यांना ते काम देण्याची सोय आहे, परंतु मग बिंदू-कडा-पृष्ठाचे १, २, ३ हातचे जातात. माझ्या मते तो सौदा तोट्याचा आहे. त्याऐवजी टॅबच्या वरची तिरक्या टिंबाची कळ दाबावी, सर्व बाजूंची नावे माऊसभोवती गोलाकार उगवतात, हवी ती निवडावी.

जुन्या चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांनी सावध असावे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० या आवृत्तीने पुष्कळ कळा बदलल्या. त्याआधी वस्तू उजव्या टिचकीने निवडली जाई, आता डाव्या. पूर्वी स्पेसबारने शोधयादी उघडे, आता चलच्चित्र सुरू होते. पुढे बिंदू एकत्र करण्याची ऑल्ट-एम ही कळही बदलून नुसती एम झाली. चित्रफितीतला माणूस दाबतो एक आणि आपल्याकडे होते दुसरेच, मग मुलांना वाटते आपल्यालाच जमत नाही. आधी आवृत्ती पाहावी.

आता कोणी विचारील, उद्या नोकरीत ब्लेंडर नसेल तर या कळांचा काय उपयोग? माया आणि थ्रीडीएस मॅक्स या प्रणालींत सरकवणे, फिरवणे, लहान-मोठे करणे यांना डब्ल्यू, ई, आर या कळा आहेत. स्केचअपमध्ये एम म्हणजे सरकवा आणि पी म्हणजे पृष्ठ ओढा-दाबा. अक्षरे निराळी, व्याकरण पुष्कळसे तेच, डावा हात तोच. ब्लेंडरमध्येही प्राधान्यांतून कळांची दुसरी मांडणी निवडता येते, तीत डब्ल्यू-ई-आरची चाल आहे. परंतु शिकताना रोज मांडणी बदलू नये. एक धरावी आणि मुरू द्यावी.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे आहेच. कंट्रोल-एस हा हाताचा चाळा व्हावा. प्रणाली स्वतः दर दोन मिनिटांनी एक प्रत राखून ठेवते आणि ती फाइल यादीतील रिकव्हरमधून परत मिळते, पण तिच्या भरवशावर बसू नये. तसेच कंट्रोल-झेड ठरावीक पायऱ्याच मागे जाते. पायऱ्यांचा मूळचा आकडा ठरलेला असतो. प्राधान्यांतून तो वाढवता येतो, परंतु जुन्या संगणकावर स्मृती कमी असेल तर जपून.

मनगटाचे दुखणे हा विषय आपल्या घरांत कोणी दुखणे मानतच नाही. भाऊ म्हणाला, “मी दिवसभर हातोडा मारतो, ही माऊस धरून थकते?” पण दिवसभर एकच बोट टिचकी मारत राहिले तर ते थकते, हे खरे आहे. काम दोन हातांत वाटले गेले तेव्हापासून तिचे मनगट दुखायचे कमी झाले, असे ती स्वतः सांगते. तरी तासाने उठावे, हे मी तिला बजावले आहे.

वेगाविषयी मात्र एक गोष्ट ती माझ्याशी वाद घालून म्हणाली आणि मला पटली. कळा येऊनही जी मुले वस्तूकडे नीट पाहत नाहीत, ती चुकीचे कपाट लवकर तयार करतात. मांडणीच्या मागच्या पट्ट्या तिरप्या का असतात, फळीला पुढे कठडा का असतो, हे तिला कळांनी शिकवले नाही. ते तिने वहिनींच्या शेजारी उभे राहून भांडी लावताना पाहिले.

दीड महिन्याने तिला दुसऱ्या एका ठिकाणी चाचणीला बोलावले. या वेळी खिडकीची लाकडी चौकट आणि झडपा होत्या, वेळ पुन्हा एक तासच. तिने काम अठ्ठेचाळीस मिनिटांत उरकले. उरलेल्या बारा मिनिटांत जोडबिंदू काढले, मापे पुन्हा ताडून पाहिली, तुकड्यांना नावे दिली. निकाल अद्याप आलेला नाही. फोन वाजला की वहिनी आधी धावतात.

दरम्यान भावाच्या शेडमध्ये एक निराळाच प्रकार सुरू झाला आहे. तो आता गेटचे लोखंड कापण्याआधी मुलीला विचारतो. कापलेल्या लोखंडाला कंट्रोल-झेड नसते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. गेटचे गज उभे करताना ती शिफ्ट-डी न वापरता ऑल्ट-डी वापरते. त्याने निघालेल्या प्रती मूळ गजाशी बांधलेल्या असतात, आत जाऊन एक गज जाड केला की सगळे जाड होतात. गिऱ्हाइकाने आयत्या वेळी मत बदलले तरी नवे चित्र लगेच दाखवता येते.

परवा रविवारी मी गेलो तेव्हा दोघे त्या जुन्या लॅपटॉपवर वाकलेले होते. भाऊ इंच आणि सुतात बोलतो, मीटर त्याच्या डोक्यात बसत नाही. तो म्हणाला, “ही मधली पट्टी दोन इंच तीन सूत वर घे.” एका इंचाचे आठ सूत, म्हणजे तीन सूत झाले ०.३७५. तिने जी, झेड दाबले, मग बरोबरचे चिन्ह दाबले, ते दाबले की आकड्यापुढे इंच लिहिता येतात, आणि २.३७५ लिहून पुढे इंचाची अक्षरे टाकून एंटर दाबले. पट्टी वर सरकली. भाऊ थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला, मग खिशातून टेप काढून भिंतीला टेकवलेल्या खऱ्या चौकटीवर माप धरले आणि म्हणाला, “एक सूत खाली घे. तिथे कडीचं भोक येतं.”

तिने उणे ०.१२५ इंच दाबले.